आधी नकाशा, मग पडीक
(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



गावोगावच्या बैठकांत जमीन संपादनाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, "हे आपल्याकडेच चालतं. अमेरिकेत कोणाच्या घराला असा हात लावून दाखवा म्हणावं!" आम्हीही बरीच वर्षे असेच समजत होतो. आपल्या घटनेतला मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने काढला गेला. अमेरिकेच्या घटनेत मात्र १७९१ पासून लिहून ठेवले आहे की खाजगी मालमत्ता घ्यायची तर सार्वजनिक उपयोगासाठीच आणि रास्त मोबदला देऊनच. तरीही तिथे काय घडले ते आज सांगणार आहोत. कारण तिथे वापरलेली युक्ती आपल्या कोरडवाहू वावराला फार लवकर लागू पडते.

न्यूयॉर्क शहरात ब्रुकलिन नावाचा मोठा भाग आहे. डिसेंबर २००३ मध्ये तिथे एका बिल्डर कंपनीने 'अटलांटिक यार्ड्स' नावाची योजना जाहीर केली. बास्केटबॉलच्या खेळासाठी सुमारे १८ हजार प्रेक्षकांचे स्टेडियम आणि भोवती उंच इमारती. मंजुरीच्या वेळी त्यांत ६,४०० च्या वर घरे दाखवली होती. त्यांतली २,२५० घरे सामान्य माणसाला परवडणाऱ्या भाड्याची. एकूण जागा २२ एकर. त्यात साडेआठ एकरांच्या आसपास रेल्वेचे यार्ड आणि बाकी रस्ते, राहती घरे, दुकाने. काही घरमालक म्हणाले, आम्हाला विकायचे नाही.

विकायचे नाही म्हणणाऱ्याकडून घ्यायचे कसे? तिथला कायदा सांगतो की वस्ती 'बकाल' ठरली तर तिचा बकालपणा हटवणे हेच सार्वजनिक काम. मग राज्याच्या विकास महामंडळाने पाहणी करवून घेतली. तिचा अहवाल आला २००६ साली. म्हणजे योजना जाहीर झाली २००३ मध्ये आणि बकालपणा सापडला २००६ मध्ये! आम्ही शेतकीचे शिक्षण घेतले. आधी रोग ओळखा, मग फवारा ठरवा, असे आम्हाला शिकवले. इथे फवारा आधी विकत घेतला आणि रोग मागून शोधला.

अहवालात लक्षणे कोणती होती? फुटपाथला तडे. भिंतींवर रेघोट्या. मोकळ्या जागेत गवत. आणि नियमाप्रमाणे जेवढे बांधता येते त्याच्या ६० टक्के किंवा त्याहून कमी बांधकाम ज्या प्लॉटवर, तोही बकालपणात धरला. आपल्या दुमजली घरात सुखाने राहणाऱ्या माणसाचा गुन्हा एवढाच, की त्याने आणखी मजले चढवले नाहीत.

लोक कोर्टात गेले, वर्षानुवर्षे लढले. नोव्हेंबर २००९ मध्ये राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने निकाल दिला. आशय असा, की वस्ती बकाल आहे की नाही हे ठरवणे सरकारी संस्थेचे काम, त्यात आम्ही आमचे मत घुसवणार नाही. २०१० मध्ये अडून बसलेला शेवटचा घरमालक पैसे घेऊन बाहेर पडला. सप्टेंबर २०१२ मध्ये स्टेडियम उघडले.

आणि घरे? पहिली इमारत राहायला खुली झाली २०१६ च्या अखेरीस, स्टेडियमनंतर चार वर्षांनी. मधल्या काळात रेल्वेच्या जागेचा व्यवहारही सैल झाला. २००५ मध्ये बिल्डरने १० कोटी डॉलर रोख कबूल केले होते. २००९ मध्ये ठरले की २ कोटी आधी आणि बाकी २२ वर्षांच्या हप्त्यांनी. घरमालकाला नोटीस आणि बिल्डरला हप्ते! आपल्याला पीककर्जाची एक तारीख चुकली की काय होते ते सांगायला नको.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ब्रुकलिनमध्ये सगळेच विरोधात नव्हते. भाडे परवडत नाही अशा गरीब कुटुंबांना घर हवे होते, तरुणांना काम हवे होते. २००५ मध्ये काही स्थानिक संघटनांनी बिल्डरशी करारही केला. त्यांची गरज खरी होती. पण त्या गरजेची ढाल करून घरवाल्याला बिनघरवाल्याच्या समोर उभे केले गेले. घरे वेळेवर मिळावीत म्हणून पुढे पुन्हा भांडावे लागले. तेव्हा कुठे २०१४ मध्ये तारीख लिहून घेतली गेली: ३१ मे २०२५ पर्यंत २,२५० परवडणारी घरे पूर्ण, नाहीतर दर घरामागे महिन्याला २,००० डॉलर दंड. ती तारीख उलटली तेव्हा ८७६ घरे बाकी होती. हिशेबाने महिन्याला साडेसतरा लाख डॉलर दंड होतो. राज्याने त्या वेळी तो वसूल करायला घेतला नाही. रेल्वे यार्डावर छत टाकून ज्या इमारती व्हायच्या होत्या, त्यांचे बांधकामही तोवर सुरू झाले नव्हते.

आता आपल्या धुऱ्यावर येऊ. वैशाखात आपले वावर कसे दिसते? कपाशी निघाली, पऱ्हाटी उपटली, ज्वारीचा कडबा घरी आला. काळी जमीन उघडी, तिला हात जाईल एवढ्या भेगा. बाहेरचा माणूस गाडीतून बघतो आणि लिहितो, पडीक. त्या भेगा म्हणजे जमिनीने स्वतः केलेली नांगरट. पहिला पाऊस त्यांतून खोल मुरतो आणि त्याच ओलीवर पीक तग धरते. पण कागदावर ओल दिसत नाही, पडीक हा शब्द दिसतो. ब्रुकलिनच्या फुटपाथचे तडे आणि आपल्या भुईच्या भेगा वाचणारी नजर एकच आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने खाजगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकार-कंपनी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. पण महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना या अटीतून सूट दिली. त्यांत औद्योगिक कॉरिडॉर आहेत आणि परवडणारी घरेही आहेत. गरिबाच्या घराचे नाव पुढे केले की मालकाची संमती मागे पडते, हे ब्रुकलिनहून वेगळे कुठे आहे?

म्हणून तीन गोष्टी इथून घेऊन जा.

पहिली, दर हंगामात सातबाऱ्यावर पीकपेरा बरोबर चढवा. २०२१ पासून मोबाइलवर ई-पीक पाहणी आहे. पोराला, सुनेला बसवा, पण नोंद करा. आपल्या जमिनीची साक्ष आपण नाही दिली तर दुसरा देईल.

दुसरी, कोणी रंगीत नकाशा घेऊन आला तर तीनच प्रश्न विचारा. तारीख कोणती? चुकली तर दंड किती? आणि तो वसूल कोण करणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय सही नाही.

तिसरी, बैठकीला भूमिहीन मजुराला बोलवा आणि पुढे बसवा. त्याला घर नको, काम नको असे आपण म्हणू लागलो तर तो समोरच्या बाजूला जाईल, आणि चूक आपली असेल.

आमचा विरोध खेळाला नाही, घरांनाही नाही. ज्याला जमीन हवी त्याने बाजारात यावे, भाव बोलावा, आणि मालक नाही म्हणाला तर परत जावे. कापसाला आम्ही भाव मागतो तो भीक म्हणून नाही. जमिनीवर 'नाही' म्हणण्याचा हक्क मागतो तोही भीक म्हणून नाही.