‘अ‍ॅनॉन’ म्हणजे केव्हां?



आमच्या हिमायतनगरच्या बाजारांत चहाच्या दुकानीं पोऱ्यास हांक मारा, तो भट्टीपासून न हलतां “आलोंच!” म्हणेल. क्रियापद भूतकाळाचें, येणें मात्र भविष्यकाळाचें! इंग्रजींतील ‘अ‍ॅनॉन’ हें विरळ क्रियाविशेषण समजून घेण्यास हें एवढें उत्तर पुरेसें आहे.

कोश उघडला, तर वाचक गोंधळतो. एक अर्थ ‘तत्क्षणीं’, दुसरा ‘थोड्या वेळानें’. दोन्ही खरे आहेत; मात्र ते निरनिराळ्या काळांतले आहेत. प्राचीन इंग्रजींतील ‘एकामध्यें’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा हा जोड. विलंबास त्यांत मुळीं जागाच नव्हती.

1598 सालीं छापलेल्या शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागांत पानगृहांतील फ्रान्सिस नांवाचा पोऱ्या आहे. राजपुत्र त्याला बोलण्यांत गुंतवितो आणि त्याचा सोबती शेजारच्या खोलींतून हांका मारितो. पोऱ्या दर वेळीं हाच शब्द ओरडतो, आणि जागच्या जागीं राहतो! त्या शब्दाची किंमत तेव्हांच उतरली होती. ‘सून’ आणि ‘प्रेझेंटली’ हे शब्दही एके काळीं ‘तत्काळ’ या अर्थाचे. तेही असेच ‘लवकरच’वर आले. हा वैयाकरणांचा दोष नव्हे. ‘आतां’ म्हणून उशिरां येणाऱ्या माणसांचा आहे.

आमचा भाग 1948 पर्यंत निझामाच्या राज्यांत होता; दफ्तराची भाषा उर्दू. तेथला ‘फौरन’ आमच्या बोलींत अजून आहे. त्याचें अरबी मूळ ‘उकळणें’. ‘फवारा’ही त्याच कुळांतला. उकळी ज्या वेगानें वर येते, त्या वेगानें काम व्हावें, हा भाव. परंतु हुकुमावर हा शब्द वाचून ज्याला कचेरीच्या ओट्यावर दिवस काढावा लागला असेल, त्याला तो कसा वाटला असेल?

आज ‘अ‍ॅनॉन’ जुनाट गणला जातो. ‘त्याविषयीं पुढें बोलूं’ अशा अर्थानें, किंचित् विनोदानें, तो लेखनांत शोभतो; अर्जांत किंवा व्यवहाराच्या पत्रांत घालूं नये. ‘एव्हर अँड अ‍ॅनॉन’ म्हणजे ‘अधूनमधून’. जुन्या ग्रंथांत मात्र संदर्भ पाहूनच अर्थ ठरवावा.

शब्द झिजतात ते असे. पुढच्या वेळीं “आलोंच” म्हणाल, तेव्हां खरोखरच उठा. कोणीतरी वाट पाहत असतें.