धंद्याचे पत्र
(चप्पल करणाऱ्या कारागिरांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या हातची वेणी वर्षानुवर्षे उसवत नाही, पण आपली तोंडी बोली आठ दिवसांत उसवते. आम्ही स्वतः हा मार खाल्ला आहे. एका व्यापाऱ्यास बोलीवर साठ जोड दिले. पैसे मागावयास गेलो, तर तो म्हणतो, "हा भाव ठरला कधी?" आमच्याजवळ साधे चिटोरेही नव्हते. निमूटपणे देईल ते घेऊन परतलो.

तेव्हापासून आम्ही आधी पत्र लिहितो, मग कातडे कापतो.

पत्र कसे लिहावे? "आम्ही गरीब आहो, काम द्यावे," असे पुष्कळजण लिहितात. ही भीक झाली, धंदा नव्हे. घेणाऱ्यास आपल्या गरिबीशी कर्तव्य नाही. त्याला त्याची नड भागवावयाची असते. म्हणून पहिल्याच ओळीत लिहा, "आपल्या दुकानास लग्नसराईत कोल्हापुरी चप्पल लागते, ती आम्ही वेळेवर पोचवू." मग माल सांगा: कातडे कोणते, बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेले की कसे, मापे कोणती. महिन्यास शंभर जोड निघत असतील तर तीनशे लिहू नका; एकदा खोटे पडलात की दुसरे पत्र कोणी उघडीत नाही. भाव लिहा, तो किती दिवस राहील ते लिहा, गाडीभाडे कोणी द्यावयाचे तेही लिहा. सोबत नमुन्याचा एक जोड पाठवा.

शेवटी पैशाची मुदत. येथेच आपण लाजतो आणि येथेच बुडतो! 2006 च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचा माल स्वीकारल्यावर, लेखी मुदत ठरली असली तरी, 45 दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत; लेखी ठरले नसेल तर 15 दिवसांत. चुकल्यास बँकदराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज बसते. 'उद्यम' नोंदणी फुकट होते. ती करा व तिचा नंबर पत्रात घाला.

अक्षर येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. मात्र ते सगळे वाचवून ऐकल्याशिवाय सही करू नका, आणि नक्कल घरी ठेवा. आपला भाव आपण लिहिला नाही, तर तो दुसरा कोणी लिहील, आणि तो आपल्या पोटाचा विचार करणार नाही.