शिंकताना लघवी गळते? उपाय आहे

कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घेऊन पायऱ्या चढताना, कापसाचं गाठोडं उचलताना, साधी शिंक आली तरी लघवीचे थेंब गळतात. आणि बाई कुणाला सांगत नाही. वय झालं म्हणून हे सोसायचंच, असं मुळीच नाही.

बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. मग पोटावर जोर आला की लघवीची नळी घट्ट मिटत नाही. पहिला उपाय म्हणजे डॉ. केगेल यांनी 1948 साली मांडलेला व्यायाम: लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू आवळायचे, सोडायचे. रोज, निदान तीन महिने.

तेवढ्यानं भागलं नाही, तर इंजेक्शन आहे. दुर्बिणीतून पाहत डॉक्टर नळीच्या अस्तराखाली तीन-चार ठिकाणी मऊ जेल भरतात. अशा एका जेलमध्ये 97.5 टक्के पाणीच असतं. त्या फुगवट्यांनी नळी मिटायला मदत होते. चिरा नाही, टाके नाहीत. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. गुण मात्र शस्त्रक्रियेइतका पक्का नसतो, पुन्हा टोचून घ्यावं लागू शकतं. काही दिवस जळजळ होते. लघवी अडली तर लगेच दवाखाना गाठा.

आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात लघवी तपासून घ्या. पुढचा सल्ला यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, स्त्रीरोग विभागात विचारा.