फॉरमॅट केल्यावर गेम का अडखळतो?



मागे एकदा रात्री साडेनऊला बडोद्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, कॉम्प्युटर फॉरमॅट करून आणला, आणि गेम आधीपेक्षा हळू चालतोय. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन घ्या." मागून भावोजींचा आवाज, "विचार त्याला, खरंच पंचवीस हजार घालायचे का?"

भाच्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कारण फॉरमॅट करायचा हट्ट त्याचाच होता. मी म्हटलं, "भावोजी, आजची रात्र खिशाला हात लावू नका."

आज त्या रात्रीबद्दलच बोलू या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे पुष्कळ घरांत विंडोज ११ नव्याने टाकलं गेलं. तक्रार बहुतेक तीच, 'फॉरमॅट केलं की मशीन पळेल असं वाटलं होतं, उलट रांगायला लागलं.'

फॉरमॅट म्हणजे नेमकं काय होतं? घर रिकामं करून, रंग देऊन परत ताब्यात मिळतं. कचरा गेला, हे खरं. पण पंख्याचा रेग्युलेटर, गिझरचं कनेक्शन, तुम्ही वर्षानुवर्षं बसवलेली प्रत्येक सोयही गेली. ड्रायव्हर गेले, सेटिंग गेल्या. मशीन बिघडलेलं नसतं, ते विसरलेलं असतं. त्याला काय काय आठवत नाही, ते आपण शोधायचं.

पहिली गोष्ट, थोडं थांबा. नव्या विंडोजमध्ये सुरुवातीचे काही तास मागे बरंच काम चालू असतं. अपडेट उतरतात, फाइलींची सूची बनते, अँटिव्हायरस तपासणी करतो. गेमलाही शेडर पुन्हा तयार करावे लागतात, म्हणून पहिल्या एकदोन खेळांत झटके बसतात. अपडेट पूर्ण करा, रीस्टार्ट करा, मग मोजा.

दुसरी गोष्ट, अंदाज करू नका, बघा. गेम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा. भाच्याला मी हेच करायला लावलं. तिथे दोन जीपीयू दिसत होते. एक प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्स, ते शंभर टक्क्यांना टेकलेलं. दुसरं त्याचं कार्ड, ते शून्यावर.

मी विचारलं, "दुकानातून आणल्यावर वायरी कोणी जोडल्या?"

"मीच."

"मॉनिटरची केबल कुठे आहे? वर, यूएसबीच्या शेजारी, की खाली, आडव्या पट्टीत?"

"वर."

तिथेच सगळं आलं. वरचं पोर्ट मदरबोर्डचं, खालचं ग्राफिक्स कार्डाचं. मशीन बंद करून केबल खाली लावली, आणि जो गेम अठरा एफपीएसवर रखडत होता तो साठच्या पुढे गेला. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने घाईत निदान केलं. पण त्या घाईची किंमत पंचवीस हजार झाली असती.

तुमच्याकडे केबल बरोबर असेल, तर पुढे चला. डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' असं लिहिलेलं दिसलं तर कार्डाचा ड्रायव्हरच बसलेला नाही. कार्डाचं नाव दिसत असलं तरी विंडोजने आपणहून टाकलेला ड्रायव्हर जुना असू शकतो. एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल, ज्याचं कार्ड त्याच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्या. मदरबोर्डचा किंवा लॅपटॉपचा चिपसेट ड्रायव्हरही विसरू नका.

लॅपटॉपवाल्यांनो, तुमच्याकडे केबलचा प्रश्न नाही, पण जीपीयू दोन असू शकतात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जा आणि तुमच्या गेमला हाय परफॉर्मन्स निवडा. चार्जर लावूनच खेळा. कंपनीचं पंखा आणि पॉवर सांभाळणारं सॉफ्टवेअर फॉरमॅटमध्ये गेलेलं असतं, ते पुन्हा टाका.

आता मॉनिटर. केबल लावून झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, आकडा वाढला, पण आधीसारखं गुळगुळीत नाही." त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, आणि नव्या विंडोजने तो ६० वर ठेवला होता. डिस्प्लेमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा, तिथे बदलता येतं.

मग रॅम. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती जीबी, किती स्लॉट भरलेले आणि वेग किती, हे दिसतं. विंडोज टाकल्याने बायोस बदलत नाही, पण दुरुस्तीत कोणी बायोस रिसेट केला असेल तर एक्सएमपी बंद होतं आणि ३२०० ची रॅम कमी वेगाने चालते. ते बायोसमध्ये जाऊन चालू करा.

आणखी एक. विंडोज ११ नव्याने टाकलं की बऱ्याच मशीनवर मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण आपोआप चालू असतं. काही गेममध्ये त्याने थोडा वेग कमी होतो. ते बंद करता येतं, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं आहे. पण ज्या मशीनवर घरातल्यांचं बँकेचं काम चालतं, तिथे चार एफपीएससाठी ते बंद करू नका.

याच कारणाने, 'गेमिंगसाठी हलकं केलेलं विंडोज' म्हणून कुणी फाइल दिली तर घेऊ नका. त्यातून काय काढलं आणि काय घातलं, हे तुम्हाला कळणार नाही. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर टाकणारी अनोळखी सॉफ्टवेअरही नकोत. आणि वैतागून पुन्हा फॉरमॅट तर मुळीच नको. मशीन पुन्हा तेच विसरेल.

एका वेळी एकच बदल करा, त्याच गेममधला तोच भाग खेळा, एफपीएस वहीत लिहा. एवढं करूनही कार्ड कुठेच दिसत नसेल, पडद्यावर रंगीत ठिपके येत असतील, किंवा तापमान वाढून मशीन बंद पडत असेल, तर मात्र दुकान गाठा. धूळ आणि उष्णता फॉरमॅटने जात नाही.

शेवटचं. पुढच्या वेळी फॉरमॅटआधी पाच मिनिटं काढा. रॅमचा वेग, मॉनिटरचे हर्ट्झ, गेममधला एफपीएस यांचे मोबाइलवर फोटो काढा. मशीनच्या मागचाही एक फोटो काढा, कोणती वायर कुठे होती ते कळायला.

भाच्याने आता तो फोटो कॅबिनेटवरच चिकटवलाय. आणि भावोजी? ते परवा फोनवर म्हणाले, "पंचवीस हजार वाचले, त्यातून तुझ्या ताईला मिक्सर घेतला."

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.