आज काय करू?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून उन्हाळ्यातील संध्याकाळी मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने ऐकण्याची सवय महाराष्ट्राला लागली. राजकारण, धर्मकारण, अर्थकारण, इतिहास या सर्वांचा या व्यासपीठांवरून खल झाला. अशा परंपरेत उभे राहून आम्ही आज जो विषय मांडणार आहोत, तो ऐकून वक्त्याला दुसरा विषय सापडला नसावा असे काहींना वाटेल. विषय असा : मधल्या वारी, सण नाही, पाहुणा नाही, अशा दिवशी रात्रीच्या जेवणाला काय करावे?

पुरुषवर्गापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू दिसते आहे. भगिनींपैकी मात्र कोणी हसले नाही, यावरून विषयाचे वजन आमच्या लक्षात आले आहे.

सणाच्या दिवशी हा प्रश्न पडत नाही. होळीला पुरणपोळी, गणपतीला मोदक. तेथे निर्णय रूढीने घेऊन ठेवलेला असतो, करणारीला फक्त हात चालवायचे असतात. पाहुणा आला तरी वाट सोपी होते, कारण पाहुण्याच्या मानाने ताट ठरते. अडचण आहे ती साध्या मंगळवारची. सण, लग्नकार्ये आणि पाहुणे वजा केले तरी वर्षातून तीनशेच्या आसपास रात्री उरतातच. चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईने हा प्रश्न बारा हजार वेळा सोडवलेला असतो. एवढ्या वेळा निर्णय देणारा न्यायाधीश असता, तर त्याच्या निवृत्तीचा समारंभ झाला असता.

कोणी म्हणेल, पाकशास्त्राची पुस्तके आहेत की! आहेत, आणि चांगली आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० च्या सुमारास ‘गृहिणी-मित्र’मध्ये एक हजार पाकक्रिया दिल्या. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि सासरी निघालेल्या कितीतरी मुलींच्या सामानातून घरोघर गेली. परंतु ही पुस्तके सांगतात ती रीत, म्हणजे पदार्थ कसा करावा ते. हजारांतून आज कोणता, हे ती सांगू शकत नाहीत. कारण ते पुस्तकात नसते, त्या घरात असते.

त्या घरात काय असते ते पाहू. टोपलीत दोन वांगी आहेत, ती आज गेली नाहीत तर उद्या टाकावी लागतील. सकाळचा भात वाटीभर उरला आहे. आजोबांना चावत नाही. धाकट्याला तिखट सोसत नाही. थोरलीला परवाचे आज पुन्हा चालत नाही. यजमानांना मधुमेह आहे. महिन्याची पंचवीस तारीख आहे. गॅसचा सिलिंडर कधीही संपेल. दिवे लागले आहेत, आणि नऊला पाने मांडायची आहेत. या सर्व गोष्टी एकाच वेळी मनात धरून त्यांतून एक कालवण आणि एक भाजी काढायची, यालाच आपण सहजपणे ‘जेवणाचे काय ते बघणे’ म्हणतो.

शिवाय हा प्रश्न संध्याकाळी पडतो हेही खरे नाही. चवळी रात्री भिजत घातली तर उद्या शिजते. मटकीला मोड यायला त्याहून अधिक वेळ लागतो. गुरुवारची उसळ मंगळवारी ठरलेली असावी लागते. म्हणजे आजचे ताट वाढीत असता हिचे मन परवाच्या ताटात असते. जेवणाऱ्याला ताट दिसते, ते मन दिसत नाही.

आणि जे दिसत नाही ते मोजलेही जात नाही. भारत सरकारने २०१९ साली देशभर पाहणी केली, कोणाचा वेळ कशात जातो याची. घरातील बिनमोलाची कामे दिवसाकाठी शंभरांपैकी ८१ स्त्रियांनी केली होती. पुरुषांपैकी केवळ २६ जणांनी. जे ही कामे करतात त्यांच्यापुरता हिशेब घेतला, तर स्त्रियांचा वेळ दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७. तीच पाहणी २०२४ साली पुन्हा झाली. स्त्रियांची मिनिटे २८९ वर आली. दहा मिनिटे वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांचीही ९७ वरून ८८ वर आलेली! तेव्हा ती दहा मिनिटे पुरुषांनी उचलली असे समजण्याचे कारण नाही. आणि ही मिनिटे आहेत ती हातांच्या कामाची. बसच्या रांगेत उभे राहून ‘आज काय करू?’ असा जो विचार चालतो, त्याची मिनिटे कोणत्या रकान्यात लिहायची?

आता आम्ही आपल्या या मढ गावाकडे वळतो. वेसाव्याहून तरीने खाडी ओलांडली की काही मिनिटांत येथे पोहोचता येते. रस्त्याने यायचे तर मालाड-मार्व्यावरून मोठा वळसा पडतो. अशा या गावात रात्रीच्या जेवणाचा निर्णय पूर्वी एकट्या बाईवर नसे. अर्धा निर्णय समुद्र घेत असे.

कसा, ते येथील मंडळींना आम्ही सांगावे असे नाही. पण बाहेरून आलेल्या श्रोत्यांसाठी सांगतो. येथील जुनी मासेमारी डोल जाळ्याची. डोल म्हणजे एका टोकाला निमुळती होत गेलेली मोठी पिशवी. ती समुद्रात प्रवाहाच्या तोंडी बांधून ठेवायची; पाण्याच्या ओढीने मासळी आपोआप आत येते. ही ओढ अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जबर, आणि अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या पाण्याला, मंद. म्हणजे चुलीवर काय चढणार, याचा अंदाज तिथीवरून यायचा. भरतीची वेळही रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज दिवेलागणीला बंदराला लागलेली होडी आठवड्याने त्याच वेळी लागेल असे नाही. त्यामुळे काय शिजायचे आणि केव्हा शिजायचे, दोन्ही पाण्याच्या हाती.

मग जे आले त्यातील वाटणी. पापलेट किंवा मोठी कोळंबी जाळ्यात आली, तर ती पाटीतून बाजारात जायची, कारण तिच्यावर घर चालायचे. घरी राहायची ती मांदेली, करंदी, बोंबील. बोंबलाच्या अंगात शेकडा नव्वदच्या आसपास पाणीच. ताजा बोंबील थांबत नाही. एक तर त्याच दिवशी त्याचे कालवण करा, किंवा पाट्याखाली दाबून पाणी काढा आणि तळा, किंवा बांबूंच्या वलांडीवर उन्हात टांगा. तिन्हींपैकी काय, एवढाच निर्णय घरच्या बाईकडे उरे. बाकीचे मासळीनेच ठरवलेले असे.

उरलेले वार देवाने ठरवलेले. कोणाच्या घरी सोमवार, कोणाच्या घरी गुरुवार वा शनिवार. त्या दिवशी म्हावरं नाही, तर वाल, चवळी, अळू. श्रावण आला की अख्खा महिना ठरून गेला. पलीकडे एरंगळच्या ख्रिस्ती वस्तीत ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातले शुक्रवार तसेच ठरलेले. आणि पावसाळ्यासाठी आगोटीची बेगमी. आजही यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्या दोन महिन्यांचे उत्तर उन्हाळ्यातच वाळवून डब्यात भरलेले असते : सुके बोंबील वांग्या-बटाट्यात, सुका जवळा कांद्यावर परतून, आणि सोबत तांदळाची भाकरी.

या सगळ्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्याच बाईला पाणी डोक्यावरून आणावे लागे, मसाला हाताने कुटावा लागे, धुरात डोळे फोडावे लागत. ते दिवस गेले हे उत्तमच झाले. जाता जाता मात्र एक गोष्ट हातची गेली, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. समुद्र, तिथी, वार आणि ऋतू मिळून तिच्यासाठी जो निर्णय घेत असत, तो आता सगळाच्या सगळा तिच्या एकटीच्या माथी आला.

आज होड्या बर्फ भरून लांब जातात. घरात फ्रीज आहे. मालाडच्या बाजारात बाराही महिने सर्व काही मिळते, आणि मोबाईलवर बोट टेकवले की सुरमई असो वा पनीर, दारात हजर होते. म्हणजे ‘आज काय मिळाले?’ या प्रश्नाच्या जागी ‘आज काय हवे?’ हा प्रश्न आला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बंदरावर मिळत होते. दुसऱ्याचे उत्तर पाच जणांच्या पाच जिभांवर शोधावे लागते. निवड वाढली की सुख वाढते असे आपण धरून चाललो. निवड करणारीचे काम किती वाढले, हे कोणी विचारले नाही.

या जागी आम्हांला हर्बर्ट सायमन या अमेरिकन पंडिताची आठवण होते. त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९५६ साली असा विचार मांडला की, माणूस सर्व पर्याय तपासून त्यांतला सर्वोत्तम निवडतो हे पुस्तकातले चित्र झाले. प्रत्यक्षात पुरेसे चांगले काही हाती लागले की तो तेथे थांबतो, आणि त्याच्या मर्यादित वेळेचा नि बुद्धीचा विचार करता हेच योग्य. या कल्पनेसाठी त्यांना इंग्रजीत वेगळा शब्द योजावा लागला. आपल्या मराठीत तो स्वयंपाकघरात केव्हापासूनच आहे : ‘भागवणे’. ‘आज पिठल्यावर भागवू’ असे जी म्हणते, ती कामचुकारपणा करीत नाही. तिने वेळ, पैसा आणि भूक यांचा मेळ घातलेला असतो.

आता प्रश्नाच्या गाभ्याशी येऊ. संध्याकाळी ती विचारते, ‘आज काय करू?’ आणि आतून उत्तर येते, ‘कर काहीही!’ देणाऱ्याला वाटते, आपण किती समजूतदार! अमुकच हवे असा हट्ट नाही, तक्रार नाही. परंतु तिने पदार्थाचे नाव विचारले नव्हते. डोक्यावरच्या ओझ्याला क्षणभर हात लावा, एवढेच तिचे म्हणणे होते. ‘काहीही’ म्हणजे त्या हाताला दिलेला नकार. शिवाय ‘काहीही’ म्हणणारा पान वाढल्यावर ‘अरेरे, आजही भोपळा?’ असे विचारायला मोकळा राहतो. प्रश्नाच्या वेळी जो गप्प राहिला त्याला उत्तराला नावे ठेवण्याचा अधिकार उरत नाही, एवढा साधा न्याय घराघरात पाळला तरी पुष्कळ भांडणे मिटतील.

मग करावे काय? आमच्या सूचना तीनच आहेत, आणि त्यांना खर्च नाही.

पहिली, वार लावावेत. खानावळीत वार ठरलेले असतात, आणि त्यात शहाणपण आहे. गिरणगावात हजारो कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. या बायका वीस-वीस माणसांचे ताट रोज वेळेवर वाढीत. रोज नव्याने विचार करीत बसल्या असत्या तर गिरणीचा भोंगा त्यांच्यासाठी थांबला नसता. घरातही बुधवार उसळीचा, शुक्रवार मासळीचा, शनिवार खिचडीचा असे सर्वांनी मिळून एकदा ठरवावे. पूर्वी ही चौकट समुद्राने आणि पंचांगाने दिली. आता ती आपली आपण घालावी लागेल.

दुसरी, विचारल्यास उत्तर द्यावे. एका पदार्थाचे नाव घ्यावे. तेही सुचत नसेल तर उठून टोपलीत काय आहे ते पाहून सांगावे. ‘वांगी आहेत, भरीत करू या,’ या पाच शब्दांत अर्धा स्वयंपाक झालेला असतो.

तिसरी, आठवड्यातून एक वार घरातल्या दुसऱ्या कोणी हा प्रश्न सबंध उचलावा. सबंध म्हणजे कसा? ‘तू सांग, मी करतो’ असे नव्हे. त्यात हात आपले आणि डोके तिचेच राहते. डाळ कोणत्या डब्यात आहे, मीठ संपत आले का, आजोबांना काय चालेल, हे सारे त्याने आपले आपण पाहावे. घरातील कर्ती चार दिवस अंथरुणाला खिळली तर घर कसे चालते, याची ही पूर्वतयारी समजा. ज्या घरात हे ज्ञान एकाच डोक्यात आहे ते घर एका खांबावर उभे आहे.

जाता जाता एकच सांगतो. रात्रीचे जेवण ठरवताना तिच्या मनात जी यादी असते, आजोबांचे दात, धाकट्याचे तिखट, थोरलीची नावड, त्या यादीत एक नाव बहुधा नसते. तिचे स्वतःचे. तिला बोंबील तळलेले आवडतात की कालवणातले, हे घरातल्या किती जणांना सांगता येईल? आपण येथून घरी गेल्यावर तिला हा प्रश्न विचारावा. ती बहुतकरून म्हणेल, ‘मला काय, काहीही चालते.’ इतक्या वर्षांत तिलाही ते उत्तर पाठ झाले आहे. आमची विनंती एवढीच, की ते उत्तर तिच्याकडूनही मान्य करू नये. आणि ती काही सांगेपर्यंत तेथेच थांबावे.