खाजगी वन आणि त्याचा मालक : कोडगूचे उदाहरण



वन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सरकारी राखीव जंगल उभे राहते. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात मात्र वृक्षसंपत्तीचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या ताब्यातील जमिनींवर, कॉफीच्या मळ्यांत आहे. तेथे भातखाचराला जोडून असलेल्या वनभूमीला ‘बाणे’ म्हणतात. गुरांना चारा, खाचराला पालापाचोळ्याचे खत, चुलीला सरपण आणि घराला वासे मिळावेत म्हणून ही जमीन खाचराबरोबर दिली जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॉफीचे मळे उभे राहू लागले आणि पुढे बाणे जमिनींवरही थोर वृक्षांच्या सावलीत तिची लागवड झाली.

अशा मळ्यात फणस, उंबर, शिसव, नाणा ही झाडे कॉफीवर छत्र धरतात. त्यांच्या बुंध्यांवर मिरीचे वेल चढलेले असतात, उंच फांद्यांखाली आग्या मधमाश्यांची पोळी लोंबतात. मार्च-एप्रिलात पहिल्या सरी पडल्या की आठदहा दिवसांत मळा पांढऱ्या फुलांनी भरून जातो. हा बहर जेमतेम दोन-तीन दिवसांचा. रोबस्टा जातीचे फूल स्वतःच्या परागाने फळत नाही; दुसऱ्या झुडपाचा पराग वाऱ्याबरोबर येतो, तसाच मधमाशीच्या अंगावरूनही येतो. तेव्हा ज्या जुन्या वडाला लाकूड म्हणून कोणी विचारीत नाही, तोच पोळ्यांना आधार देऊन मालकाचे पीक वाढवीत असतो. शिवाय याच जिल्ह्यात, तलकावेरी येथे, कावेरीचा उगम आहे. उतारावरील मुळांनी धरून ठेवलेल्या मातीचा लाभ खालच्या मैदानांतील लोकांना होतो. त्यापोटी मळेवाल्याला कोणी काही देत नाही.

आता अडचण पाहा. अनेक बाणे जमिनींवरील मूळ झाडांच्या लाकडावर, त्याचे मूल्य भरेपर्यंत, हक्क शासनाचा राहिला. त्यातच १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने तोडीला परवानगी आवश्यक ठरविली. या निर्बंधांना कारण होते. ते नसते तर किती शिसव उभे राहिले असते, याची मला शंका वाटते. परंतु ऑस्ट्रेलियातून आलेल्या सिल्व्हर ओकला परवानगीतून सूट मिळाली. हे झाड झपाट्याने व सरळ वाढते, त्यावर मिरी चढते, आणि गरज पडेल तेव्हा ते विकता येते. स्वतः लावलेले शिसवाचे रोप मोठे झाल्यावर आपले राहील की नाही याची खात्री नसलेला शेतकरी कोणते रोप लावील? जुनी झाडे एकेक करून विरळ झाली, त्यांच्या जागी सिल्व्हर ओकच्या रांगा आल्या. सावली राहिली, वनाची विविधता ओसरली. यात शेतकऱ्याला लोभी ठरविणे मला अन्यायाचे वाटते. त्याने हिशेब केला, आणि नियमांनी त्याच्यापुढे मांडलेल्या हिशेबात मध, पराग व पाणी यांचे रकानेच नव्हते.

माझी सूचना साधी आहे. देशी झाडाचे रोप लावले जाईल त्याच दिवशी त्याची नोंद व्हावी आणि लावणाऱ्याचा त्या लाकडावरील हक्क तेथेच मान्य व्हावा. यावर असा आक्षेप येईल की लोक जुनीच झाडे नवी म्हणून नोंदवतील. पण चार वर्षांचे शिसव आणि ऐंशी वर्षांचे शिसव यांतील फरक ओळखण्यास बुंध्याभोवती दोरी धरली तरी पुरते.