गाळ कुठे गेला?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज सावलीत जमलो आहोत, त्या सरांनी मला विज्ञानाचा पहिला धडा तुरटीच्या खड्याने दिला. पावसाळ्यातील महीच्या गढूळ पाण्यात त्यांनी तुरटी फिरवली. पाणी निवळले, तेव्हा आम्ही टाळ्या वाजविल्या. सरांनी विचारले, “आणि गाळ कुठे गेला?” पुढे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचे काम करताना हा प्रश्न मला रोज भेटला.

अणुभट्ट्या व प्रयोगशाळा यांच्या सांडपाण्यात सीझियम 137 आणि स्ट्रॉन्शियम 90 असतात. ते मिठासारखे विरघळलेले असल्याने गाळणीत अडकत नाहीत. म्हणून पाण्यातच साका तयार करावा लागतो. तांब्याच्या फेरोसायनाइडचा साका सीझियमला धरतो, बेरियम सल्फेटचा स्ट्रॉन्शियमला. साका तळाशी बसला की वरचे पाणी तपासून, मर्यादेत असेल तरच सोडतात. तत्त्वतः हा तुरटीचाच प्रयोग! याच कुळातील ‘प्रशियन निळा’ हा रंग 1987 साली ब्राझीलमधील गोयानिया येथे सीझियमची बाधा झालेल्यांना औषध म्हणून देण्यात आला होता.

परंतु किरणोत्सार आगीने जळत नाही, आम्लाने मरत नाही. तो पाण्यातून निघून साक्यात येतो, इतकेच. तो साका सिमेंटमध्ये बांधून काँक्रीटच्या कोठारांत ठेवतात. अतितीव्र द्रावणाची तारापूर व ट्रॉम्बे येथे काच बनविली जाते. त्यानंतरचे औषध म्हणजे काळ. सीझियमचे अर्धायुष्य सुमारे 30 वर्षे. अशी दहा अर्धायुष्ये, म्हणजे 300 वर्षे लोटली, की त्याचा सुमारे हजारावा अंश उरतो.

300 वर्षे म्हणजे किती? 1732 साली पिलाजीराव गायकवाडांची डाकोरला हत्या झाली आणि अंत्यसंस्कार या सावलीत झाले. त्या दिवशी कोंडलेल्या सीझियमचा पहारा आज कुठे संपत आला असता. मध्यंतरी राज्ये गेली, नकाशे बदलले. पहारा मात्र एका पिढीनेही सोडून चालला नसता.

आता सावलीभोवती कारखाने उभे आहेत, आणि वडोदऱ्याला पाणी देणाऱ्या फ्रेंच विहिरी महीच्याच पात्रात आहेत. कारखान्यांच्या सांडपाण्यातून काढलेल्या शिशाला, क्रोमियमला अर्धायुष्य नाही. किरणोत्सारी द्रव्य निदान वयाने थकते. हे धातू कधीच थकत नाहीत. त्यांच्या गाळाचा पहारा 300 वर्षांनीही संपणार नाही.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या याच कारखान्यांत अधिकारी व्हाल. स्वच्छ पाण्याचा नमुना कुणी कौतुकाने दाखविला, तर कौतुक जरूर करा. आणि मग सरांचा प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. माझ्या मते त्यांचे खरे स्मारक तेच होय.